पिओनीला भर लावू नये

शनिवारी सकाळी हातात कात्री घेऊन पिओनी कापायला बसलो आणि फोन किणकिणला. आमच्या एका मित्राने यंदाच्या उन्हाळ्यात घर घेतलंय, आमच्यापासून वीसेक मिनिटांवर. त्याने फोटो पाठवला होता. फोटोत पिओनीचं एक झुडूप, निम्मी पानं तपकिरी, उरलेल्यांवर पिठासारखा पांढरा थर, आणि खाली एकच ओळ, "कुठलं औषध मारू?"

मी लिहिलं, "कुठलंच नको. ऑक्टोबर संपत आलाय, पानं वाळणारच. जमिनीलगत काप, पिशवीत भर आणि कचऱ्याच्या गाडीत दे. बास."

त्याने अंगठा पाठवला. मला वाटलं, विषय संपला. संध्याकाळी पुन्हा फोटो. या वेळी त्याच्या गाडीची डिकी. त्यात मल्चची दोन पोती, खताचं एक पोतं आणि बुरशीनाशकाची फवाऱ्याची बाटली. "घेऊन ठेवलं रे, लागलं तर असावं."

आता काय बोलणार? त्याला हसायचाही मला अधिकार नाही, कारण दोन वर्षांपूर्वी अगदी अशीच डिकी माझी होती, आणि त्या डिकीतल्या मालाने मी सात जुन्या पिओनींची वाट लावली होती. म्हणून हे लांबलचक उत्तर. त्याच्यासाठी तर आहेच, पण इकडे थंड मुलखात घर घेतलेल्या आणि मागच्या अंगणात जुन्या मालकाची झाडं वारशाने मिळालेल्या सगळ्यांसाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की पिओनीच्या निम्म्याहून अधिक तक्रारी तिच्या नसतातच, त्या आपण तिच्यावर केलेल्या उपायांच्या असतात. पटत नसेल तर पुढे वाचा.

तर झालं असं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही लिव्होनियात घर घेतलं. लिव्होनिया म्हणजे डेट्रॉइटच्या पश्चिमेचं उपनगर. १९५०-६० च्या दशकांतली एकमजली, विटांची, एकासारखी एक घरं. आमच्या घराच्या मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. नवरा गेल्यावर एकटीने घर झेपेना, म्हणून त्या ज्येष्ठांच्या निवासात राहायला निघाल्या होत्या. किल्ल्या मिळाल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक कागद ठेवलेला होता. फर्नेसच्या फिल्टरचं माप, गॅरेजच्या दाराचा कोड, कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते, असं सगळं. आणि शेवटच्या ओळीत, कुंपणालगतच्या पिओनी माझ्या आईच्या बागेतून आणलेल्या आहेत, त्यांना काही करावं लागत नाही, फक्त राहू द्या.

इथली माणसं सगळंच गोड लिहितात, असं म्हणून मी ते सोडून दिलं. त्या ओळीत झाडाची सगळी देखभाल सांगून झालेली होती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

पहिला वसंत, २०२३ चा. एप्रिलच्या सुरुवातीला कुंपणालगतच्या उघड्या मातीतून लालबुंद कोंब वर आले. महिन्याभरात कमरेएवढी झुडपं, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात फुलं. मंडळी, मी पिओनी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. ओंजळीत मावणार नाही एवढं एकेक फूल, पाकळ्यांवर पाकळ्या, आणि वास गुलाबाच्या जवळचा पण गुलाब नव्हे. पाच झुडपं गुलाबी, दोन पांढरी. पांढऱ्यांच्या मधोमध काही पाकळ्यांच्या कडेला कुंकवाचं बोट लागावं तसे लाल ठिपके. शेजारच्या आज्जींच्या मते ही 'फेस्टिव्हा मॅक्सिमा'. ती जात फ्रान्समध्ये १८५१ साली आली, म्हणजे आपल्या सत्तावनच्या उठावाच्या आधीची! आणि अजून दुकानात मिळते. मी ज्या क्षेत्रात आहे तिथे पाच वर्षांपूर्वीची गोष्ट दाखवली तरी लोक कुत्सित हसतात.

व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "डेलिया आहे का रे?" आई म्हणाली, "अगं बाई, कळ्यांना मुंग्या किती लागल्यात, हळद टाक जरा."

मुंग्यांचं आधी निपटतो, कारण हा प्रश्न प्रत्येक नव्या मालकाला पडतो. पिओनीच्या कळीवर बाहेरून ज्या हिरव्या पाकळ्या असतात त्यांतून गोड रस पाझरतो. मुंग्या तो खायला येतात. त्या कळी खात नाहीत. मुंग्यांशिवाय कळी उमलत नाही असं इथे बरेच जण छातीठोक सांगतात, तेही खरं नाही, कळी आपली आपण उमलते. मुंग्यांचा झाला तर फायदाच, कारण गोडाच्या आशेने त्या कळीवर पहारा देतात आणि इतर किड्यांना हुसकावतात. तेव्हा हळद नको, लक्ष्मणरेषा नको, फवारा तर नकोच नको. घरात आणायचं फूल उलटं धरून झटकलं की झालं. त्या वर्षी मी हळद टाकली नाही. आईचं ऐकलं नाही हे माझं त्या वर्षातलं एकमेव शहाणपण.

बाबांचं मात्र ऐकलं. आमची कराडजवळ थोडी शेती आहे, ऊस असतो. बाबांनी नोकरी सांभाळून ती केली आणि आता निवृत्तीनंतर पूर्ण वेळ करतात. ते म्हणाले, "एवढं फुलतंय तर बुडाला भर लाव की त्याच्या. आणि खत घाल. नुसतं घेत राहायचं, द्यायचं काहीच नाही का?" ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय त्यांच्यासाठी, उसाच्या बुडाशी माती चढवतात, त्याला भर लावणं म्हणतात. त्याने ऊस लोळत नाही, मुळं धरतात. उसाला ते हवंच असतं.

मग अस्मादिकांनी २०२३ च्या उन्हाळ्यात काय काय केलं ते ऐका. ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी बुरशी दिसली, अंगण घाण दिसायला लागलं, म्हणून सगळी झुडपं तेव्हाच कापली. कापलेली पानं टाकून न देता तिथेच बुडाशी पसरली, कारण उसाचं पाचट न जाळता सरीत कुजवावं हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यावर तीन इंच माती चढवली. मातीवर दोन इंच मल्च. हिरवळीला घालतात ते नत्राचं खत पिओनींनाही मूठ-मूठ. आणि स्प्रिंकलरचं तोंड वळवून रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाणी. हापिसात कुणी असे पाच बदल एका दिवसात, चाचणी न करता, चालू सिस्टिमवर टाकले असते तर मी त्याला फाडून खाल्ला असता.

२०२४ च्या वसंतात कोंब आले, पण काही कोंब वीतभर होताच बुडाशी काळे पडून आडवे झाले. उरलेल्यांना पानं मात्र गच्च, काळीशार हिरवी. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या आणि तिथेच थांबल्या. तपकिरी झाल्या, त्यांच्यावर राखाडी लव आली. मी घाबरून अजून पाणी वाढवलं. मग दुकानात जाऊन फवारा आणला. सात झुडपांवर मिळून फुलं आली शून्य.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे जून महिन्यात एके दिवशी शेजारच्या आज्जी कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या जुन्या मैत्रिणीचा, म्हणजे आमच्या घराच्या आधीच्या मालकीणबाईंचा, फोन आला होता. यंदा पिओनी कशा फुलल्या असं विचारत होती. मी म्हटलं, मग काय सांगितलंत? आज्जी म्हणाल्या, "छान फुलल्या म्हणून सांगितलं." एवढं बोलून त्या त्यांच्या टोमॅटोकडे गेल्या.

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिलं तर नाटकी वाटेल. झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी स्टँडअप मीटिंगमध्ये माझी पाळी आली तेव्हा मी काय सांगत होतो ते मलाच कळत नव्हतं. एका बाईने तिच्या आईच्या बागेतलं झाड उभा जन्म सांभाळलं, दुसरीला माझ्यामुळे ऐंशीव्या वर्षी खोटं बोलावं लागलं, आणि मी हे सगळं झाडाचं भलं करण्याच्या नादात केलं होतं.

सप्टेंबरमध्ये आज्जींनीच मार्ग काढला. त्या गुडघ्यांवर बसल्या, हातमोजा काढला आणि बुडाशी बोट खुपसलं. बोट संपलं तरी हाताला काही लागेना. मग हाताने मल्च आणि माती बाजूला सारत गेल्या. पाच इंचांच्याही खाली गुलाबी टोकं दिसली. पुढच्या वर्षीचे कोंब शरद ऋतूतच तयार होऊन मातीत वाट बघत असतात, ते हे. इथे त्यांना जे म्हणतात त्याला मराठीत अगदी तोच शब्द आहे, डोळे. बटाट्याचा डोळा, उसाचा डोळा, तसा पिओनीचा डोळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा डोळा मातीखाली जास्तीत जास्त दोन इंच असावा. मिशिगनसारख्या थंडीत दोन, दक्षिणेकडे उबदार राज्यांत एकच. त्याहून खोल गेला तर झाड मरत नाही, पानंही येतात, पण फुलं बंद होतात. पिओनी फुलत नाही अशी तक्रार आली की आधी बोट घालून खोली मोजावी, औषधाचं नंतर बघावं. याचं कारण थंडी. पिओनीच्या डोळ्यांना उमलण्याआधी कित्येक आठवडे चांगला गारठा लागतो, शून्य ते चार-पाच अंशांच्या आसपासचा. तो भरपूर मिळाला तरच आतली कळी जागी होते. वरून मातीची दुलई घातली की हा गारठा नीट पोचत नाही आणि कोंबाची शक्ती वर येण्यातच खर्ची पडते. मी बिचारीला थंडी वाजेल म्हणून पांघरूण घातलं होतं.

बाबा एकदा म्हणाले होते, एक रोप इकडे घेऊन ये, महाबळेश्वरला लावू कुणाकडे तरी. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, ते त्यांच्या डोक्यात होतं. पण एक-दोन पहाटे गोठून भागत नाही, आठवड्यांमागून आठवडे लागतात. भारतात पिओनी आहे, नाही असं नाही. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांत पांढऱ्या फुलांची जंगली जात उगवते, हिंदीत तिला मामेख म्हणतात. सह्याद्रीत मात्र नाद सोडावा.

पाच झुडपांची वरची माती आणि मल्च नुसतं खरवडून काढलं. दोन फारच खचली होती, ती उपटायचं ठरलं. पिओनी हलवायची किंवा तिची वाटणी करायची तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच, वसंतात नाही. खोदून काढली तेव्हा खाली हे एवढाले रताळ्यासारखे कंद, मनगटाएवढे जाड पण खडूसारखे ठिसूळ. पाइपने धुतले, स्वयंपाकघरातली जुनी सुरी चालेना, शेवटी करवत आणली. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे ठेवायचे. बाबा व्हिडिओवर बघत होते. म्हणाले, "म्हणजे बेणंच की हे. आम्ही तीन डोळ्यांची टिपरी लावतो, तसंच." मग त्यांना सांगितलं की हे झाड एकदा लावलं की पन्नास वर्षं, त्याहूनही जास्त, त्याच जागी फुलतं, तर ते बराच वेळ गप्प बसले. उसाचा खोडवा दोन-तीन वर्षं घेतला की उतार पडतो. "पन्नास वर्षांचा खोडवा?" एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला भर लावायला सांगितलेली नाही.

पन्नास ही थाप नव्हे. आमच्यापासून अर्ध्या तासावर ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाचं निकोल्स आर्बोरेटम आहे. तिथली पिओनीची बाग औषधउद्योजक डब्ल्यू. ई. अपजॉन यांनी १९२२ साली दिलेल्या झाडांपासून सुरू झाली. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला तिथे गेलात तर जत्रा असते. जुन्या पिओनी किती अंतरावर लावल्यात, किती उन्हात आहेत, बुडाशी माती किती आहे, हे बघायला जरूर जा. यूट्यूबवरच्या दहा व्हिडिओंपेक्षा तिथला अर्धा तास जास्त शिकवतो. बरोबर पोरंबाळं आणि डबा न्या.

आता मित्राच्या फोटोकडे येतो. पानांवरचा पांढरा थर म्हणजे भुरी. द्राक्षवाल्यांना सांगायला नको. पण द्राक्षावर भुरी आली तर वर्षाचं उत्पन्न जातं. पिओनीवर ती येते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, फुलं होऊन गेल्यावर, आणि तेव्हा ती फक्त दिसायला वाईट. झाड मरत नाही. पानं थंडीपर्यंत राहू द्यायची, कारण पुढच्या वर्षाच्या फुलांचं अन्न हीच पानं कंदांत साठवत असतात. मी ऑगस्टमध्ये कापली म्हणजे झाडाच्या तोंडचा घास काढून घेतला. पानांवरचे जांभळे-तपकिरी डाग हाही असाच, रूपाचा प्रश्न. दोन्हींवर उपाय एकच, शरद ऋतूत पहिलं कडक दहिवर पडून गेल्यावर सगळं जमिनीलगत कापून तिथून हलवायचं.

हलवायचं हे महत्त्वाचं, कारण खरा शत्रू तिसराच आहे, बोट्रायटिस. काळे पडून कोसळलेले कोंब, तपकिरी कळ्या, राखाडी लव, हे सगळं त्याचं काम. ही बुरशी कापलेल्या देठांच्या खुंटात आणि पडलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतात थंड, ओल्या हवेत वर येते. म्हणजे मी पाचट म्हणून जे पसरलं होतं ते तिच्यासाठी अंथरूण होतं, वरचं मल्च पांघरूण, आणि संध्याकाळचं स्प्रिंकलर म्हणजे रोजचा पाहुणचार. दिसली की काय करायचं? कोरड्या दिवशी रोगट देठ बुडापासून कापायचा, थेट पिशवीत घालायचा, घरच्या कंपोस्टमध्ये नाही. कात्री स्पिरिटने पुसायची. झुडपांमधून वारा खेळेल एवढी जागा ठेवायची, तीन फुटांच्या आसपास. पाणी पानांवर नको, बुडाशी, तेही पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा भरपूर. बुरशीनाशकाला माझा तात्त्विक विरोध नाही. दरवर्षीच सडत असेल तर कोंब वर येतानाच मारावं, बाटलीवर लिहिलंय तसं. पण ते रोग येऊ नये म्हणून असतं. काळी पडलेली कळी त्याने हिरवी होत नाही. मी मे महिन्यात जो फवारा मारला तो माझ्या मनःशांतीसाठी होता.

उरलेल्या तक्रारी भराभर. पावसात फुलं लोळतात? भरगच्च पाकळ्यांच्या जातींचं डोकं ओलं झालं की जड होतं, एप्रिलमध्येच तारेची रिंगण-कडी लावून ठेवा, नंतर लावाल तर देठ मोडाल. सगळं ठीक आहे तरी फुलं कमी? वर बघा. शेजारचं मेपल वीस वर्षांत केवढं वाढलंय? पिओनीला सहा तास तरी ऊन हवं. पाणी साचतं? मग जागा चुकली, कंद कुजणार. खत घालायचंच तर थोडं, आणि हिरवळीचं नको. नत्राने नुसती पानं माजतात, देठ लुळे पडतात, आणि त्या पोत्यात तणनाशक मिसळलेलं असेल तर विचारूच नका. हरणं आणि ससे पिओनीला सहसा तोंड लावत नाहीत, ही या मुलखात केवढी मोठी गोष्ट आहे ते ट्युलिप लावलेल्यांना विचारा. आणि फूल कापायचं ते कळी गुलाबजामसारखी मऊ लागायला लागली की. अशी कळी कोरडी, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे राहते. आमच्याकडे ती श्रीखंडाच्या डब्याशेजारी असते आणि बायको त्यावरून रोज काहीतरी बोलते. असो.

यावर माझ्या मित्राचं म्हणणं मी आधीच ऐकू शकतो. "म्हणजे काहीच करायचं नाही? मग बाग कशाला म्हणायचं?" वर्षातून तीन वेळा काम आहे की. एप्रिलमध्ये कडी, जूनमध्ये सुकलेली फुलं खुडणं, ऑक्टोबरअखेर कापणी. लावताना मात्र जीव ओतून काम करायचं, खड्डा, निचरा, ऊन, आणि फूटपट्टीने मोजून दोन इंच. अडचण अशी आहे की यातलं काहीच डिकीत भरून आणता येत नाही. दुकान आपल्याला धीर विकू शकत नाही म्हणून खत विकतं, त्यात दुकानाची चूक नाही. आम्हा लोकांची तर सवयच वाईट. शुक्रवारी कळवलेली तक्रार सोमवारी बंद झाली पाहिजे, निदान त्यावर काहीतरी केल्याची नोंद दिसली पाहिजे. "निरीक्षण चालू आहे" असं लिहिलं तर मॅनेजर विचारतो, म्हणजे नक्की काय चालू आहे?

आणि पिओनीला वेळ लागतो तो आपल्या मोजमापातला नाही. नवा तुकडा लावला की पहिल्या वर्षी तो झोपून राहतो, दुसऱ्या वर्षी रांगतो, तिसऱ्या वर्षी कुठे चालायला लागतो. पहिली एक-दोन वर्षं कळी आलीच तरी खुडून टाका म्हणतात. तीन वर्षं! माझा व्हिसा तीन वर्षांनी संपतो, मग पुढची तीन. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझा नंबर कधी लागेल ते विचारू नका, हसू येतं. घर घेतलं तेव्हाही काका म्हणाले होते, तिथे कायमचं राहायचं ठरलंय का? ठरलेलं काहीच नाही. अशा माणसाने २०२४ च्या शरदात लावलेल्या तुकड्यांची २०२७ च्या मे महिन्यात फुलं बघायची म्हणजे जरा गंमतच आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, आणि इकडे मी मोजपट्टी घेऊन खड्डा खणतोय.

तोइची इतो नावाचे जपानी बागकाम-तज्ज्ञ होते. झुडपी पिओनी आणि लाकडी खोडाची पिओनी यांचा संकर होत नाही असं सगळे मानत होते. अगणित प्रयत्न फसल्यावर १९४८ साली त्यांना तो जमला, रोपं तयार झाली. १९५६ मध्ये ते गेले. त्या रोपांना फुलं आली ती त्यांच्या पश्चात. आज 'इतो पिओनी' म्हणून तो सगळा वर्गच त्यांच्या नावाने ओळखला जातो, पिवळीधमक फुलं येतात. मला ही गोष्ट स्फूर्तिदायक वगैरे वाटत नाही. मला ती वाचून वाईट वाटलं. एक फूल तरी बघायला मिळायला हवं होतं त्यांना.

२०२५ च्या मे अखेरीस खरवडलेल्या पाच झुडपांवर मिळून अकरा फुलं आली. नऊ गुलाबी, दोन पांढरी. वाटणी केलेल्या तुकड्यांवर नुसती पानं, अपेक्षेप्रमाणे. अकरा म्हणजे २०२३ च्या मानाने काहीच नाही, पण मी आणि बायको रोज संध्याकाळी चहा घेऊन तिथे उभे राहायचो. मेमोरियल डेला इथे पूर्वी घरोघरच्या पिओनी बादलीत घालून दफनभूमीत नेत असत, आज्जींच्या लहानपणी त्यांची आई न्यायची. आज्जींकडे ती पत्र्याची बादली अजून आहे. मी दोन्ही पांढरी आणि चार गुलाबी फुलं कापून त्या बादलीत ठेवली आणि त्यांना म्हटलं, तुम्ही मैत्रिणीला भेटायला जाल तेव्हा घेऊन जा. त्या म्हणाल्या, तूच चल, गाडी चालवायला कुणीतरी हवंच आहे.

गेलो. त्या बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी फुलं हुंगली, पांढऱ्यातला लाल ठिपका बोटाने शोधला, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं की गेल्या वर्षी यांना काय झालं होतं? मी आज्जींकडे बघितलं. आज्जी छताकडे बघत होत्या. मी सांगितलं, माती चढवली होती. त्या म्हणाल्या, त्यांच्या नवऱ्यानेसुद्धा १९७० च्या सुमारास हेच केलं होतं, आणि त्यांनी दोन वर्षं त्याला कुंपणाकडे फिरकू दिलं नव्हतं.

आज रविवार. सगळी कापून झाली, कागदी पिशव्या चार भरल्या. नव्या तुकड्यांवर यंदा पालापाचोळा घालणार नाही, तो फक्त पहिल्या हिवाळ्यापुरता होता, गोठून-वितळून माती फुगते तेव्हा तुकडे वर उचलले जाऊ नयेत म्हणून. पिशव्या आता रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवतो, सकाळी गाडी येते. मित्राला निरोप टाकलाय की खताचं पोतं पावती असेपर्यंत परत घेतात, आणि मल्च मला दे, माझ्या मेपलखाली पसरायला हवंच आहे.